तेरा नंबरचा पाना

दिवाळीत आत्तीकडं फराळाला गेलो तो चकली खायला, आणि परत आलो तो डोक्यात एक जीप घेऊन. मधल्या तीन तासांत काय घडलं ते मी बायकोला तीनदा सांगितलंय, आणि तिन्ही वेळा वेगळं सांगितलं असं तिचं म्हणणं आहे.

घडलं ते एवढंच. आत्तीचं गाव गगनबावड्याच्या वाटेवर. आतेभाऊ, म्हणजे आमचा दादा, ताटली हातात देता देता म्हणाला, "गोठ्यात नवी म्हैस आणायची हाय. कोपऱ्यातली जीप काढतोय. सोमवारी भंगारवाला येणार. तुला पाहिजे तर ने."

माझ्या आयुष्यातली बहुतेक संकटं या चार शब्दांनी सुरू झाली आहेत. आमच्या माळ्यावर एक पायपेटी आहे, ती अशीच आली. सूर लावून घेतो म्हणून मी ती उघडली, त्याला आता अकरा वर्षं झाली. भाता एका पोत्यात आहे, पट्ट्या दुसऱ्या पोत्यात, आणि स्क्रू एका श्रीखंडाच्या डब्यात. मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात मराठी शिकवतो. आयुष्य पानांत गेलं, पान्यांशी कधी संबंध आला नाही. पण हे मला दर वेळी वस्तू उघडून झाल्यावर आठवतं.

गोठ्यात गेलो. जीपच्या बॉनेटवर शेणी रचल्या होत्या, मागच्या भागात कडब्याच्या पेंढ्या होत्या आणि स्टेअरिंगच्या खाली, जिथं ड्रायव्हरचे पाय असायला हवेत तिथं, एक लाल कोंबडी माझ्याकडं एका डोळ्यानं बघत होती. सीटच्या जागी एक गोणपाट. मी शेजारच्या बाजूनं चढून त्यावर बसलो आणि उगाच बाजूच्या पत्र्याच्या खणात हात घातला. बोटं बाहेर आली ती गुलाबी होऊन.

गुलाल! आत्तीच्या मालकांना आम्ही मामा म्हणायचो. मामा रोज या जीपमधून दुधाच्या किटल्या न्यायचे आणि चैत्रात एकदा सगळ्या भावकीला कोंबून जोतिबाला न्यायचे. नऊ वर्षांचा मी मागच्या मडगार्डवर, मांडीवर नारळाची पिशवी. केर्लीचा चढ लागला की मामा गिअरच्या दांड्याशेजारचे आणखी दोन छोटे दांडे खटाखट ओढायचे, जीप एकदम घसा खाकरून मुंगीच्या गतीनं वर चढायला लागायची आणि मागून सगळे ओरडायचे, चांगभलं! ते दोन दांडे अजून जाग्यावर होते. त्यातला एक मी धरून ओढला. तो हातात आला. म्हणजे त्याच्यावरची गोटी तेवढी.

ती गोटी खिशात टाकून मी दादाला म्हटलं, "आठ दिवस थांब. विचार करून सांगतो."

दादा म्हणाला, "काय विचार करणार?"

हा प्रश्न तेव्हा मला उर्मट वाटला होता.

घरी येऊन बायकोला मी रीतसर माहिती दिली. म्हटलं, ही साधी जीप नव्हे. ही सीजे-३बी. अमेरिकेत विलीज कंपनीनं १९५३ साली काढली आणि १९६८ला बंद केली. आपल्याकडं महिंद्रानं ती परवान्यावर पुढंही बनवत ठेवली. मामांची १९७४ची. हिचं बॉनेट इतर जीपपेक्षा उंच का, माहीत आहे? कारण हरिकेन नावाचं नवं इंजिन जुन्या बॉनेटखाली मावेना. त्याच्या आत जाणाऱ्या झडपा वरती हेडमध्ये आणि बाहेर टाकणाऱ्या खाली ब्लॉकमध्ये, त्यामुळं ते उंचीनं वाढलं. मग इंजिन छोटं करण्यापेक्षा त्यांनी टोपीच उंच केली. आणि कंपनीचं मूळ नाव महिंद्रा अँड मोहम्मद, १९४५ सालचं. त्यातले गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, पुढं गव्हर्नर जनरलही झाले. इकडं १९४८ला कंपनीचं नाव बदललं. म्हणजे बघ, आपल्या गोठ्यात...

"ब्रेक लागतात का?" बायकोनं विचारलं.

माझ्या माहितीत ते नव्हतं.

"आणि 'आपल्या गोठ्यात' कधीपासून?"

त्या रात्री मी एक वही घेतली, मधोमध रेघ मारली, डावीकडं 'होय' आणि उजवीकडं 'नाही' लिहिलं. निर्णय शास्त्रशुद्ध झाला पाहिजे असा माझा आग्रह असतो. पायपेटीच्या वेळीही अशीच वही केली होती. 'नाही'च्या बाजूला मी लिहिलं: पैसे, वेळ, जागा, ज्ञान. 'होय'च्या बाजूला पहिल्या ओळीत 'गुलाल' असं लिहिलं, ते फारच भावनिक दिसायला लागलं म्हणून खोडून 'ऐतिहासिक मूल्य' केलं. मग 'कॉलेजात रुबाब'. मग 'मुलाला यंत्रज्ञान मिळेल'. मुलगा पुण्यात संगणकाचं शिक्षण घेतो आणि सुट्टीला आला की चार दिवस झोपतो. तरी 'होय'च्या बाजूला अकरा ओळी झाल्या आणि 'नाही'च्या बाजूला चारच. बहुमत स्पष्ट होतं.

पण माझ्यातला परीक्षक जागा झाला. विद्यार्थ्याला प्रवेश द्यायचा तर परीक्षा घ्यायला नको? मी ठरवलं, एक नट. सबंध जीपमध्ये असतील शेकड्यांनी नट. त्यातला एक, कुठलाही, मी एकट्यानं संध्याकाळपर्यंत काढून दाखवला, तर मी लायक. नाही निघाला, तर जीप भंगारात. इतकी न्याय्य परीक्षा विद्यापीठानंही कधी घेतली नसेल. शिवाय त्यासाठी ४६ नगांचा सॉकेट सेट आणि रिंग पान्यांची एक माळ घरपोच मागवावी लागली, हा खर्च मी 'शैक्षणिक साहित्य' या सदरात धरला.

पुढच्या रविवारी सकाळी नऊला मी जीपपुढं मांडी घातली. पुढच्या मडगार्डाचा एक नट निवडला. चारी बाजूंनी मोकळा, डोळ्यांसमोर, गंजही बेताचा. सोपा पेपर. बारा नंबरचा पाना लावला, तो जाईना. तेरा नंबरचा लावला, तो गेला. जरा सैल होता. जावयाच्या अंगात सासऱ्याचा सदरा असावा तसा. मी दोन्ही पाय टायरला लावले आणि जोर केला.

काहीतरी फिरलं. फिरल्याचा आनंद मला झाला, तो अंदाजे दोन सेकंद टिकला. पाना फिरला होता, नट होता तिथंच होता, आणि माझी चार बोटं मडगार्डाच्या कडेवर होती. परत लावला, परत फिरला. षटकोन म्हणून ज्याला मी सकाळी ओळखत होतो, त्याचा दुपारपर्यंत बेसनाचा लाडू झाला. मधल्या काळात मी त्यावर रॉकेल टाकून बघितलं, हातोडीनं ठोकून बघितलं, उलटा आटा असेल म्हणून दुसऱ्या बाजूनं फिरवून बघितलं. आत्ती सुपात तांदूळ घेऊन उंबऱ्यावर बसली होती. बऱ्याच वेळानं म्हणाली, "बाळा, त्यो नट नगं असला तर ऱ्हाऊ दे की."

पण परीक्षेच्या नियमात 'कुठलाही नट' असं होतं. मी जीपखाली सरकलो. तिथं पाठीवर पडल्या पडल्या वर एक चांगला ठणठणीत चौकोनी नट दिसला. दादाच्या विहिरीच्या पंपाचा पाइप पाना मागून घेतला, लावला, लटकलो. आणि खरंच सांगतो, तो निघाला. आधी किंचित कुरकुरला, मग बोटानं फिरायला लागला. आयुष्यात पहिल्यांदा लोखंडानं माझं ऐकलं होतं. मी ओरडलो, "निघाला!" आणि तोंड उघडं असतानाच तो पूर्ण निघाला, आणि त्याच्यामागं वर्षानुवर्षं डिफरन्शियलमध्ये पडून राहिलेलं काळं, चिकट तेल निघालं. त्या तेलाला गंधकाचा, कुजक्या अंड्यासारखा वास येतो. कोंबडी पहिल्यांदाच दोन्ही डोळ्यांनी बघायला आली.

बाहेर आलो तेव्हा माझा फक्त उजवा कान ओळखू येत होता. हात उंच करून मी तो नट दादाला दाखवला. दादानं तो घेतला, उलटसुलट केला.

"ह्यो नट न्हवं," तो म्हणाला. "बूच हाय."

तर निकाल राखून ठेवला गेला. मी पुनर्तपासणीला उद्यमनगरातून एक मिस्त्री आणले. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगराविषयी बाहेरच्यांना सांगितलं पाहिजे: ओतकाम, लेथ, ग्राइंडिंग, बोअरिंग, जे लोखंडाचं असेल ते तिथं बनतं किंवा दुरुस्त होतं, आणि तिथल्या माणसाला "जमंल का?" असं विचारणं हा त्याचा अपमान असतो. मिस्त्री साठीचे, बोलायला कमी. जीपभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि नेमके मडगार्डापाशी थांबले.

"हे कुणी केलं?"

"आधीपासूनच असेल," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या चार बोटांवरच्या चार पट्ट्यांकडं बघितलं. मग समजुतीच्या सुरात म्हणाले, "सर, ही अमेरिकन गाडी. समदे नट इंचातले. ह्याला अर्धा इंची पाना लागतो. तुमचा तेरा नंबर हाय मिलिमीटरचा."

अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. माझा पाना १३. मधल्या त्या ०.३ मिलिमीटरात माझा रविवार, चार बोटं आणि एक नट गेला होता. मी घरी सगळ्या मापांचा हिशेब करून बघितला: नऊ सोळांश इंचाला १४ नंबर शिरत नाही आणि १५ घसरतो, सात सोळांशला ११ जेमतेम अडतो. म्हणजे माझ्या ४६ नगांतले बहुतेक नग त्या जीपवर धड बसणार नव्हते. मराठीच्या प्राध्यापकाला दुसऱ्या भाषेच्या व्याकरणानं ठेच लागावी, यात नवल नाही. पण शब्दकोश सोबत न नेता परदेशात जावं, ही चूक माझीच. मिस्त्रींनी तो लाडू छिन्नीच्या दोन घावांत उतरवला आणि माझ्या हातात ठेवला.

मग खरी तपासणी झाली. मी वही घेऊन मागं, लग्नातल्या याद्या करणाऱ्या मामासारखा. त्यांनी स्टेअरिंग डावी-उजवीकडं हलवलं. पाव वाटोळं फिरल्यावर चाकाला बातमी पोचत होती. म्हणाले, मधला बेलक्रँक झिजलाय, त्याच्या पिना-बुशा बदलायच्या. हँडब्रेक ओढला, तो चाकांवर लागतच नाही, गिअरबॉक्सच्या मागच्या शाफ्टवर लागतो, हे मला त्या दिवशी कळलं. मास्टर सिलिंडर पायाखाली, फळीच्या आत, आणि त्याच्या रबरांचं पीठ झालेलं. बायकोच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं: लागत नाहीत. मी माझ्याकडूनही एक निरीक्षण मांडलं, की मागच्या ॲक्सलचा तो गोल भोपळा मधोमध नाही, एका बाजूला सरकलाय, तेव्हा कधीतरी मोठा अपघात झाला असावा. मिस्त्री पहिल्यांदा हसले. या जीपला तो कारखान्यातूनच एका बाजूला येतो; शाफ्ट तिथूनच निघतो.

शेवटी ते हातोडी घेऊन चॅसीवर टकटक करत निघाले. ठण्ण. ठण्ण. ठण्ण. देवळातल्या घंटेसारखा स्वच्छ आवाज. मागच्या आडव्या पट्टीपाशी आले आणि आवाज आला, थप्प. परत, थप्प. हातोडी थोडी आत गेली. गगनबावडा म्हणजे महाराष्ट्रातल्या सगळ्यात जास्त पावसाच्या जागांपैकी एक; गोठ्याच्या त्या बाजूच्या कौलांतून पडलेलं पाणी आणि खालचं शेण, दोघांनी मिळून पंधरा वर्षं तिथं जेवण केलं होतं.

"आता इंजिन," मी म्हटलं. घशाला कोरड पडली होती. हरिकेन इंजिन प्रत्यक्ष बघायचं होतं. ज्याच्यापायी टोपी उंच झाली ते.

मिस्त्रींनी बॉनेटवरच्या शेणी उतरवल्या, खटके काढले आणि वर उचललं. बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "हे डिझेल हाय."

मामांनी कधीतरी, पेट्रोल परवडेना म्हणून, मूळ इंजिन काढून दुसरंच बसवलं होतं. कशाचं, असं मी विचारल्यावर मिस्त्री म्हणाले, खोलल्याशिवाय सांगता येणार न्हाई, पण बहुतेक दोन गाड्यांचं मिळून एक असंल. पुढून हँडल घालून त्यांनी फिरवायचा प्रयत्न केला. जाम. सिलिंडरांत तेल सोडून आठ-दहा दिवस ठेवावं लागेल, मग बघू. नाहीतर बोअर, लायनर, पिस्टन, क्रँक ग्राइंड. मी मात्र त्या उंच, रिकाम्या बॉनेटच्या पोकळीत बघत बसलो. खाली हे बुटकं परकं इंजिन, वर हातभर हवा. शनिवारवाड्याचा दरवाजा उभा आहे आणि आत पेशवे नाहीत, तसं.

पण खरा घाव अजून कागदांत होता. आमच्या गल्लीत परिवहन खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. त्यांना मी आरसी बुक दाखवलं, ते त्यांनी पोथीसारखं दोन्ही हातांत धरलं. मामांच्या नावावर, म्हणजे आधी वारसाचा फॉर्म ३१. पंधरा वर्षांची नोंदणी १९८९ला संपली; पुढं मामांनी दर पाच वर्षांनी नेमानं वाढवली, शेवटचा शिक्का २००४चा. म्हणजे २००९पासून ही गाडी कायद्याच्या दृष्टीनं कोंबड्यांचं खुराडं. त्यासाठी फॉर्म २५, फी, दंड, पर्यावरण कर, आणि गाडी समोर नेऊन तपासणी. हे सगळं मी वहीत लिहीत होतो. मग त्यांनी बोट एका ओळीवर ठेवलं. इंधन: पेट्रोल.

"इंजिन डिझेलचं म्हणालात ना?"

"हो."

"मग झालं." मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यांना तोंडपाठ होतं: कंपनीनं मुळात जी गाडी बनवली तिच्याशी फारकत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९मध्ये तेच ठणकावलंय. मामांनी बदल केला तो काळ वेगळा असेल, पण त्याची नोंद पुस्तकात कुठंही नाही, आणि इंजिनाचा नंबरही जुळणार नाही. एकच सरळ वाट: मूळ जातीचं पेट्रोल इंजिन शोधा, ते बसवा, परवानगी घ्या, मग या.

शहाण्या माणसाला इथं निर्णय मिळाला असता. मला काय मिळालं सांगतो. मी घरी येताना जवळजवळ उड्या मारत आलो. हरिकेन परत बसवायचं! कायदाच सांगतोय! बॉनेटच्या उंचीला परत अर्थ येणार! वहीत 'होय'खाली मी बारावी ओळ लिहिली: 'सर्वोच्च न्यायालय'.

बायकोनं वही हातात घेतली, चष्मा लावला आणि ती ओळ दोनदा वाचली. मग उजवीकडच्या 'पैसे' या शब्दासमोर पेन्सिलीनं लिहिलं: किती?

मिस्त्रींचा आकडा होता तीन लाख चाळीस हजार. त्यात बॉडीचा नवा पत्रा, चॅसीचं वेल्डिंग, पाच टायर, ब्रेक, वायरिंग, रंग हे सगळं आलं. इंजिन मिळालं तर, ते वेगळं. दादा म्हणाला, मिस्त्रीच्या आकड्याला दीडनं गुणायचं आणि महिन्यांना तीननं. त्याच्या पोरानं सांगितलं, काका, हरियाणात मंडी डबवालीला अख्ख्या जीप बांधून मिळतात, कशाला डोकं लावताय? पण डबवालीच्या जीपमध्ये केर्लीच्या चढाचा गुलाल कुठून येणार, आणि तिचे कागद बघून आमच्या गल्लीतल्या गृहस्थांना काय होईल, या दोन्ही विचारांनी मी गप्प बसलो. आणि मिस्त्रींना वेळ कधी? तर आता गळीत हंगाम सुरू, उसाचे ट्रॅक्टर रांगेत उभे. त्यांच्या मधून-मधून सवड होईल तसं. उलट भंगारवाला किलोला तीस रुपये द्यायला तयार होता. जीपचं वजन टनभर. म्हणजे तीस हजार रोख, शेण वजा जाता.

दुसऱ्या शनिवारी मी ठरवलं. अगदी मनापासून ठरवलं. 'नाही'. वही मिटली, बायकोला सांगितलं, तिनं चहा केला आणि त्यात आलं घातलं. रविवारी जाऊन दादाला सांगायचं, ती गोटी परत करायची आणि विषय संपवायचा.

गेलो. दादानं भंगारवाल्याला फोन लावला, ट्रॅक्टर काढला, जीपच्या पुढच्या हुकात साखळी अडकवली. मी खिशातून गोटी काढली. तेवढ्यात आत्ती बाहेर आली, पदर खोचून.

"आरं, कुणाला इचारून? माजी कोंबडी खुडूक बसलीया तिथं."

स्टेअरिंगखाली, गोणपाटाच्या घोळात, ती लाल कोंबडी फुगून बसली होती आणि आता कुणाकडंही बघत नव्हती. खाली बारा अंडी. आत्तीनं बोटांवर मोजून सांगितलं, एकवीस दिवस, जीप जागची हलणार न्हाई. दादा म्हणाला, म्हैस? आत्ती म्हणाली, तुजी म्हैस पळून जाती काय? दादानं साखळी काढली. माझ्याकडं बघून म्हणाला, "तुझं नशीब." चांगलं की वाईट, ते त्यानं सांगितलं नाही.

त्या एकवीस दिवसांत मी काहीही केलं नाही. निर्णय झालेला होता. फक्त एका बुधवारी कॉलेज लवकर सुटलं म्हणून उद्यमनगरातून चक्कर मारली आणि तिथं इंची पान्यांचा एक जुना, पण चांगल्या पोलादाचा सेट दिसला. अर्धा इंची पाना हातात धरून बघितला. खिशात तो छिन्नीनं उतरवलेला नट होताच, त्याची एकच बाजू शाबूत होती. तिला तो पाना टेकवला, कट्ट करून बसला. सेट सध्या पायपेटीच्या भात्याच्या पोत्यात आहे.

काल संध्याकाळी आत्तीचा फोन आला. बारातली नऊ फुटली. पिल्लं जीपच्या खालीच हिंडतात, रात्री परत आत जाऊन बसतात. घारीची भीती आहे, तेव्हा ती जरा मोठी होईस्तोवर जीपला कुणी हात लावायचा नाही. दादाला तिनं दम दिलाय, मला फक्त कळवत होती.

"बरं आत्ती," मी म्हटलं, "काही घाई नाही," आणि ते इतक्या आनंदानं म्हटलं की बायकोनं पेपरातून मान वर केली आणि माळ्याकडं बघितलं.